अक्कलदाढ काढल्यावर ओठ बधीर झालाय. "आधी सांगितलं असतं तर काढली नसती" हे सिद्ध कसं करायचं?

सदाफुली

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ काढली. दुखत नव्हती हो, खरंच दुखत नव्हती. मी गेले होते वरच्या दाढेतलं सिमेंट पडलं म्हणून, तिथे त्यांनी पूर्ण जबड्याचा एक्सरे काढला, तो ओपीजी, आणि म्हणाले खालची आडवी आहे, आज ना उद्या त्रास देणारच, काढून टाका, पंधरा मिनिटांचं काम आहे. साडेसहा हजार रुपये घेतले. तेव्हापासून खालच्या ओठाची उजवी बाजू आणि हनुवटी बधीर आहे. आधी म्हणाले महिन्यात येईल, मग म्हणाले तीन महिन्यांत, मग नसेच्या गोळ्या दिल्या, आता चौदा महिने झालेत. चहा ओघळतो ते कळत नाही. हनुवटीला भाताचं शीत चिकटलेलं असतं ते समोरच्याने सांगितलं की कळतं. मी प्राथमिक शाळेत शिकवते, दिवसभर बोलायचंय, आणि प आणि ब बोलताना ओठ नीट लागलाय की नाही याचाच अंदाज येत नाही. दोनदा ओठ चावून रक्त आलं आणि मला ते रुमालावर दिसलं तेव्हा कळलं.

नसेला इजा होऊ शकते हे कुणीही आधी सांगितलं नव्हतं. रिसेप्शनवरच्या मुलीने एक इंग्लिश कागद पुढे केला, मॅडम इथे सही करा, मी केली. नंतर मी आणि अहो विचारायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, असं सगळ्यांना सांगत बसलो तर कुणीच दाढ काढणार नाही. ते वाक्य अजून कानात आहे माझ्या.

आता एका वकिलांकडे गेले तर ते म्हणाले, सांगितलं नाही हे एकवेळ मान्य होईल, पण सांगितलं असतं तर तुम्ही काढलीच नसती हे कशावरून? म्हटलं मी सांगतेय ना. तर म्हणे ते आज सांगताय, ओठ बधीर झाल्यावर. घरी येऊन रडले मी. जे घडलं त्याचा पुरावा देता येतो, जे घडलंच नाही त्याचा कसा द्यायचा? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

कोर्टकचेरी

ताई, पुण्यात ग्राहक आयोगात वकिली करतो, बरीच वर्षं मेडिकल केसेस बघतोय. तुमच्या वकिलांनी विचारलेला प्रश्न बरोबर आहे, पण अर्ध्यातच सोडून दिलाय त्यांनी, म्हणून तुम्हाला इतकं लागलं.

आधी एक गोष्ट वेगळी करा. संमतीच नव्हती ही एक केस, आणि संमती होती पण धोका न सांगता घेतली ही दुसरी. पहिलीचं आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, सुप्रीम कोर्ट, जानेवारी २००८. तपासणीसाठी दुर्बीण घालायला संमती दिली होती, बाई भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. कोर्ट म्हणालं पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, आईची संमती चालणार नाही. तिथे "सांगितलं असतं तर काय केलं असतं" हा प्रश्न आडवा आलाच नाही कारण त्या ऑपरेशनला संमतीच नव्हती. पण पैसे बघा किती मिळाले, फी नाकारली आणि वर २५,००० रुपये. ऑपरेशन चांगल्या हेतूने आणि काळजीने केलं होतं असं कोर्टाचं मत पडलं म्हणून. म्हणजे संमती मोडली एवढंच सिद्ध झालं तर रक्कम छोटी राहू शकते, इजेची भरपाई हवी असेल तर इजेपर्यंत साखळी जोडावी लागते.

तुमची केस दुसऱ्या प्रकारची. दाढ काढायला तुम्ही हो म्हणालात, तीच दाढ काढली. मग कड्या तीन. ओठ त्या दाढेमुळेच बधीर झाला का, ही पहिली, ती सोपी असते बहुतेक. हा धोका सांगायलाच हवा होता का, ही दुसरी, कारण त्याच २००८ च्या निकालात म्हटलंय की उपचाराचं स्वरूप, पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार न केल्यास काय हे सांगायचं, पण फार दूरचे किंवा पुस्तकी धोके सांगायची गरज नाही. समोरचे वकील तिथे घुसणार, फार क्वचित होतं हो हे म्हणून. आणि तिसरी कडी तुमचा प्रश्न.

तिसरीबद्दल एकच सांगतो. आज तुम्ही प्रतिज्ञापत्रात काय लिहिता याला वजन कमी, ऑपरेशनच्या *आधी* तुम्ही काय बोललात, काय विचारलंत, किती वेळा टाळलंत, याला वजन जास्त. तेव्हाची प्रत्येक गोष्ट शोधा. फोनमधले मेसेज, कार्डावरच्या तारखा, बहिणीला मैत्रिणीला काय बोललात ते.

आणि डॉक्टरांचं ते वाक्य. ताई, ते तुम्हाला लागलंय पण तुमच्या केसमधलं ते सगळ्यात कामाचं वाक्य आहे. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा माँटगोमेरी निकाल आहे, मधुमेह असलेली बाई, बाळाचा खांदा अडकण्याचा धोका ९ ते १० टक्के, डॉक्टरांनी सांगितला नाही. खालच्या कोर्टांनी म्हटलं सांगितलं असतं तरी तिने सिझेरियन मागितलं असतं हे सिद्ध नाही. वरच्या कोर्टाने ते फिरवलं आणि त्यात मोठा भाग डॉक्टरांच्याच साक्षीचा होता, की हा धोका सांगायला लागलो तर बायका सिझेरियनच मागतील. म्हणजे सांगितल्यावर पेशंट काय करेल हे डॉक्टरच सांगून गेले! तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काय म्हटलंय? ते वाक्य कधी, कुठे, कोणासमोर बोलले हे आजच लिहून काढा, अहोंनाही त्यांच्या शब्दांत वेगळं लिहू द्या, एकमेकांचं बघून लिहू नका. ब्रिटिश निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत पण आयोगापुढे वाचून दाखवता येतात.

मुखशल्य

मी जबड्याचा सर्जन आहे, म्हणजे ज्यांनी केलं त्या बाजूचाच माणूस म्हणा. तरी लिहितो.

ओठ आणि हनुवटी बधीर म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडातून बोगद्यासारख्या नळीतून जाणारी नस. जीभ बधीर झाली असती तर ती वेगळी नस. त्यामुळे पहिल्या कडीबद्दल फार वाद होईल असं वाटत नाही, काढायच्या आधी ठीक होतं, त्याच दिवसापासून त्याच बाजूला बधीर, दुसरं कारण शोधायला जागा नाही. कायमची इजा सरसकट बघितली तर शंभरात एकापेक्षा कमी जणांना होते. पण सरसकट आकडा तुमच्यासाठी नाहीच. तुमच्या ओपीजीवर दाढेचं मूळ आणि ती नळी कशी दिसतेय ते महत्त्वाचं. नळीची पांढरी रेघ मुळाजवळ तुटलेली दिसते का, मूळ तिथे काळपट दिसतं का, नळी वळसा घेते का, यातलं काही दिसलं तर धोका कित्येक पटीने वाढतो आणि तेव्हा आम्ही सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन करून घेतो. ती फिल्म आधी ताब्यात घ्या. त्यावर ही चिन्हं असतील तर "फार दूरचा धोका" हे म्हणणं टिकणार नाही.

अजून एक, तुम्हाला पर्याय काय होते हेही विचारा. एक म्हणजे काहीच न करणं, वर्षातून एकदा बघत राहणं. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेनं २००० सालीच सांगितलं होतं की आजार नसलेली अडकलेली अक्कलदाढ उगाच काढू नका. त्यावर आमच्यात मतभेद आहेत, थांबलं तर पुढे वय वाढून हाड कडक होतं आणि काढणं अवघड जातं असं म्हणणारे बरेच आहेत, त्यामुळे ही एकमेव खरी बाजू आहे असं समजू नका. दुसरा पर्याय, नुसता वरचा भाग कापून काढायचा आणि मुळं नसेजवळ तशीच राहू द्यायची, कोरोनेक्टॉमी म्हणतात.

पण एक मनापासून सांगतो, राग मानू नका. इजा झाल्यावर प्रत्येक पेशंट म्हणतो मी काढलीच नसती. आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. मी रोज धोका सांगतो, ओठावर बोट ठेवून दाखवतो की इथपासून इथपर्यंत बधीर राहू शकतं, आणि ज्यांची दाढ ठणकत असते ते जवळजवळ सगळे म्हणतात काढा डॉक्टर. म्हणून तुमच्या वकिलांचा प्रश्न निष्ठुर नाहीये. तुमची दाढ आधी कधीच दुखली नव्हती का? हिरडी सुजली, तोंड उघडेना, गोळ्या घेतल्या असं काही? असेल तर आत्ताच सांगा.

आणि केस राहू दे बाजूला, तुम्ही कुणाला दाखवलंत का? नस दुरुस्त करायची तर पहिल्या काही महिन्यांत निकाल चांगले येतात, चौदा महिन्यांनी आशा कमी, पण तपासणी तरी व्हायला हवी. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथल्या सर्जरी विभागात जा. डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा, टाचणीचं टोक, दोन टोकांमधलं अंतर असं तपासतात, आणि बधीर भागाची सीमा पेनाने चेहऱ्यावर आखून फोटो काढतात. तो कागद उपचारालाही लागेल आणि आयोगातही.

स्वानकाठ

मी मूळची कोल्हापूरची, पर्थमध्ये डेंटल नर्स आहे. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही कारण नेमका हाच प्रश्न आमच्या इथल्या एका केसमध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टापर्यंत गेला होता, आणि हायकोर्ट म्हणजे इथलं सगळ्यात वरचं कोर्ट. रोझेनबर्ग विरुद्ध पर्सिव्हल, २००१. पेशंट स्वतः नर्स, नुसती नर्स नाही तर खूप शिकलेली, नर्सिंग शिकवणारी. दात नीट जुळत नव्हते आणि ते वाढत चाललं होतं, म्हणून १९९३ मध्ये जबडा कापून पुढेमागे करण्याचं ऑपरेशन केलं. नंतर कानाजवळचा जबड्याचा सांधा कायमचा बिघडला, दुखणं, तोंड उघडताना त्रास. ती म्हणाली हा धोका सांगितला असता तर मी केलंच नसतं.

पहिल्या न्यायाधीशाने विश्वास ठेवला नाही. वरच्या कोर्टाने तिच्या बाजूने दिलं. हायकोर्टाने परत पहिल्या न्यायाधीशाचं उचलून धरलं. का, तर ती ज्या परिस्थितीत होती ती बघून. त्रास वाढत चालला होता, तिला जास्तीत जास्त चांगला निकाल हवा होता, स्वतः नर्स असल्याने ऑपरेशन म्हटलं की धोके असतात हे तिला माहीत होतं, आणि बिघडण्याची शक्यता त्या मानाने कमी होती. अशी बाई सांगितल्यावर मागे फिरली असती असं वाटत नाही, एवढंच. ती खोटारडी आहे असं नाही म्हणाले कुणी, पण नंतरच्या शहाणपणाला किती वजन द्यायचं हा मुद्दा होता. त्यानंतर इथल्याच न्यू साउथ वेल्स राज्याच्या २००२ च्या कायद्यात तर लिहूनच टाकलं की सांगितलं असतं तर मी काय केलं असतं हे पेशंटचं स्वतःचं म्हणणं पुरावा म्हणून चालणारच नाही, फक्त स्वतःच्या विरोधात जात असेल तर चालेल. कडक आहे, मला पटत नाही पूर्ण, पण आहे.

ताई, तुमची परिस्थिती मला तिच्या बरोबर उलटी वाटतेय. दुखत नव्हतं, घाई नव्हती, तुम्ही गेला होता दुसऱ्याच दाढेसाठी, आणि बोलणं हे तुमचं पोट. तिचा निकाल तुमच्याविरुद्ध दाखवतील तेव्हा तोच तुमच्या बाजूने वाचता येईल.

शेवंती७२

मी जास्त कायदा जाणत नाही पण माझ्या धाकट्या जावेची अशीच केस होती, इम्प्लांटची, नस दुखावली होती. ती हरली. तिने लिहून दिलं होतं मला माहीत असतं तर मी इम्प्लांट कधीच, कधीही बसवलं नसतं. आणि समोरच्यांनी दवाखान्याचं कार्ड काढलं, त्यावर तिनेच दोनदा फोन करून तारीख आधी मागितलेली, घरात साखरपुडा होता म्हणून. तिला ते आठवतही नव्हतं हो. त्या "कधीही" शब्दाने घात केला. एवढंच सांगायला लिहिलं.

सदाफुली

सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस फोन धुंडाळत होते म्हणून उशीर झाला.

मुखशल्य सर, तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते. काढायच्या आठ महिने आधी एकदा त्या बाजूची हिरडी सुजली होती. तोंड नीट उघडत नव्हतं, आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, बरं झालं, नंतर परत कधीच नाही. पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही कारण मला वाटलं त्याने केस बिघडेल. सॉरी.

आणि हे सापडलं. काढायच्या चार दिवस आधीचा दवाखान्याच्या नंबरवरचा माझा मेसेज, जसाच्या तसा लिहिते: "मॅडम दाढ दुखत नाहीये तर आत्ताच काढायची गरज आहे का? सुट्टीत काढली तर चालेल का? काही धोका नाही ना, मला शाळा आहे." आणि उत्तर: "नाही मॅडम काही नाही रूटीन आहे. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊ शकता." खाली हसरा चेहरा. मी हा मेसेज पूर्ण विसरले होते. वाचला आणि हातपायच गळाले.

मुखशल्य

सॉरी म्हणू नका, बरं झालं सांगितलंत. ती सूज लपवू नका, फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर स्वतःच जोडा. आणि ती एक सूज तुम्हाला वाटतं तेवढी विरोधात नाही, मी वर ज्या नाइसच्या सूचना म्हटल्या त्यातच लिहिलंय की हिरडी पहिल्यांदा सुजली, फार गंभीर नसेल, तर तेवढ्यावरून दाढ काढू नये, पुन्हा सुजली तर विचार करावा. आपल्याकडे ते बंधनकारक नाही पण जाणकार सर्जन थांबण्याचा पर्याय देऊ शकला असता हे त्यातून दिसतं. हा माझा धंदा आहे म्हणून बोलतो, पेशंट "धोका नाही ना" असं लिहून विचारतो तेव्हा उत्तर डॉक्टरने द्यायचं असतं, रिसेप्शनने नाही. मला स्वतःला आज माझ्या दवाखान्याचा फोन कोण हाताळतं हे बघावंसं वाटलं.

कोर्टकचेरी

ताई, चार दिवस आधी, स्वतःहून, धोका आहे का आणि पुढे ढकलता येईल का, दोन्ही एकाच मेसेजमध्ये. वर मी आधीचा पुरावा म्हणालो तो हाच. ऑस्ट्रेलियाच्याच १९९२ च्या रॉजर्स विरुद्ध व्हिटेकरमध्ये एका डोळ्याच्या ऑपरेशनने दुसरा, चांगला डोळा जाण्याचा धोका १४,००० मध्ये एक होता, तरी डॉक्टर जबाबदार ठरले, कारण ती बाई आपल्या चांगल्या डोळ्याबद्दल सारखं विचारत होती, म्हणजे तिच्यासाठी तो धोका महत्त्वाचा होता हे डॉक्टरांना कळायला हवं होतं. तुम्ही "मला शाळा आहे" लिहिलंत.

आता तुमचं म्हणणं नीट मांडा. शेवंतीताईंनी सांगितलेलं लक्षात ठेवा. "कधीच काढली नसती" असं लिहू नका, तुम्हाला पुढे दोनदा सूज आली असती तर काढलीही असती कदाचित. लिहा की त्या मार्चमध्ये, दुखत नसताना, तशा पद्धतीने काढली नसती, सुट्टीपर्यंत थांबले असते, दुसऱ्या सर्जनला विचारलं असतं, स्कॅन करून घेतला असता. एवढं पुरतं असं ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, २००४ मध्ये चेस्टर विरुद्ध अफशारमध्ये धरलं, तिथे बाईने प्रामाणिकपणे सांगितलं की मी पुढे कधीतरी ऑपरेशन केलं असतं, पण त्या दिवशी नाही. तीन विरुद्ध दोन असा निकाल आहे, वादग्रस्तही आहे, पण तिच्या खरेपणानेच तिला तारलं असं मला कायम वाटत आलंय. आणि सगळा भार संमतीवर टाकू नका. ओपीजीवर नळी मुळाला चिकटलेली असताना स्कॅन न करता काढली असेल तर तो निष्काळजीपणाचा वेगळा मुद्दा आहे, तिथे "सांगितलं असतं तर" लागतच नाही.

कामाचं आता. मुदत दोन वर्षं आहे, चौदा महिने गेलेत, मी तरी मार्चपासूनच मोजेन, गोळ्या चालू होत्या वगैरे भरवशावर राहू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि अधिकारक्षेत्र तुम्ही भरलेल्या पैशावर ठरतं, नुकसानीच्या मागणीवर नाही, म्हणजे तुमच्या साडेसहा हजाराला जिल्हा आयोग, आणि फी शून्य. पण पावती शोधा, फुकट केलं असं दाखवायला वाव राहायला नको. दंतवैद्यांना निदान तीन वर्षं रेकॉर्ड ठेवावं लागतं, लेखी अर्ज करा, ओपीजी, केसपेपर, तुमच्या सहीचा फॉर्म या तिन्हीची नावं घालून, पोच घ्या. मेसेजचा नुसता स्क्रीनशॉट नको, तो फोन विकू नका, रीसेट करू नका, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र वकिलांकडून करून घ्या. आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेला नाही तरी ते जोडलेलं बरं. तज्ज्ञाचं मत प्रत्येक केसमध्ये सक्तीचं नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये व्ही. किशन राव केसमध्ये सांगितलंय, पण तुमच्या केसमध्ये ते घ्याच, नसेची जागा फिल्मवर दाखवायला डॉक्टरच लागेल. आयोगात बरंचसं प्रतिज्ञापत्रांवर आणि लेखी प्रश्नांवर चालतं, तेव्हा पिंजऱ्यात उभं राहायची भीती मनातून काढा.

स्वानकाठ

ताई, त्या इंग्लिश फॉर्मवर "सर्व धोके समजावले" असं छापलेलं असेल तर घाबरू नका. कुणी, किती वाजता, कोणत्या भाषेत समजावलं ते त्यावर नसणार. तुम्ही खुर्चीत बसायच्या आधी रिसेप्शनवर सही केलीत हे त्या मुलीलाही माहीत आहे.

सदाफुली

हो, फॉर्मवर वेळ आहे! झेरॉक्स आत्ता परत बघितली, त्या मुलीने हाताने ५:१० लिहिलंय, आणि माझ्या पेमेंटचा मेसेज ५:०९ चा आहे. म्हणजे पैसे भरले आणि लगेच सही, डॉक्टर तोपर्यंत आत दुसऱ्या पेशंटकडे होते, मी वीस मिनिटं बाहेरच बसले होते.

अर्ज लिहून झालाय, तिन्ही गोष्टींची नावं घातलीत. अहोंनी ते वाक्य वेगळ्या वहीत लिहिलंय, मी बघितलं नाही. उद्या शाळा सुटल्यावर दवाखान्यात देऊन पोच घेते, आणि शनिवारी रात्रीच्या गाडीने मुंबईला, सोमवारी सकाळी सरकारी दंत महाविद्यालयात नंबर लावायचाय. तिथे काय झालं ते इथेच लिहीन.